तिसऱ्या घंटेपर्यंत

सकाळचे साडेसहा. डोंबिवलीतल्या एका कॉलेजचं बास्केटबॉल कोर्ट. अर्ध्या कोर्टावर एकांकिकेचा सेट पसरलाय आणि उरलेल्या अर्ध्यात चार मुलं एकाच बास्केटवर खेळतायत. गेले तीन आठवडे हे असंच चाललंय म्हणे. फ्लॅट रंगवायला सपाट आणि मोकळी जागा इथे हीच एक. त्यामुळे फ्री थ्रोच्या रेषेवर विटकरी रंगाचे ओघळ आहेत आणि बोर्डाच्या खांबाला सुतळीचं बंडल बांधलेलं आहे. चेंडू आपटल्याचा आवाज येतो, मग हातोडीचा, मग पुन्हा चेंडूचा. पोरं खेळतात छान. एक उंच मुलगा धावत येतो, जागच्या जागी वळतो आणि चेंडू अलगद जाळीत सोडतो. मला राहवत नाही, मी टाळी वाजवते. तो दचकून माझ्याकडे बघतो. बघणारं कुणी असेल अशी त्याला सवयच नाही. आत्ताही बघायला मी आणि गेटवरचे वॉचमनकाका, दोघंच आहोत.

सेट टेम्पोत चढवायला मात्र बावीस जण आहेत. मोजले मी. लाकडी लेव्हल खांद्यावरून जातायत, गुंडाळलेला काळा कपडा, एक जुनी सायकल, वर्तमानपत्रात बांधलेला कंदील. यांतले रंगमंचावर दिसणार फक्त सहा.

माझी भाची त्या सहांत नाही. ती कंदील मांडीवर घेऊन टेम्पोच्या फळीवर बसलीये आणि कालपासून ती एक शब्द बोललेली नाही. गळ्याला मफलर, गालात खडीसाखर. काही विचारलं की मोबाइलवर लिहून दाखवते. मी थर्मास पुढे करते, ती लिहिते, ‘गरमच आहे ना?’ आज आपल्या कॉलेजच्या घोषणा ती देणार आहे. पडद्यामागे सेट लागत असताना दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांसाठी हा गळा दीड दिवस बांधून ठेवलाय.

कॉलेजचा आवाज कॉलेजच्या मैदानावर घुमावा, असं जगात पुष्कळ ठिकाणी आहे. माझा धाकटा भाऊ अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात असतो. तिथल्या ड्यूक विद्यापीठाचा बास्केटबॉलचा सामना पाहून आल्यावर त्यानं मला सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला होता. 1940 साली बांधलेलं कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम, जेमतेम सव्वानऊ हजारांचं, त्यांच्या मानानं लहानच. पण विद्यार्थी थेट कोर्टाच्या कडेला उभे असतात, इतके जवळ की खेळाडूला हात लागेल. निळा रंग फासलेले चेहरे, समोरचा फ्री थ्रो टाकायला लागला की त्याच्यापुढे हलणारे शेकडो हात. मोठ्या सामन्याला आत शिरायला मिळावं म्हणून ही पोरं हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे स्टेडियमबाहेर तंबू ठोकून राहतात आणि त्या तंबूंच्या वस्तीला त्यांनी आपल्या जुन्या कोचचं नाव देऊन टाकलंय. मेसेजच्या शेवटी भाऊ म्हणाला होता, “ताई, पायाखालची फळी हलत होती आणि मला अत्रे रंगमंदिर आठवत होतं.”

मला ते लगेच कळलं. कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात घोषणा देऊन देऊन याच भावाचा आवाज चार दिवस बसला होता. कोर्ट आपल्याकडेही आहेत, खेळणारेही आहेत. पण आपल्या कॉलेजांचा गळा फुटला तो एकांकिकांच्या स्पर्धांत. त्या उंच मुलाला टाळी मिळायला हवी, याबद्दल माझं दुमत नाही. पण ठाणे-कल्याणच्या विद्यार्थ्यांचं घरचं मैदान कुठलं असं विचाराल, तर मी नाट्यगृहाचा पत्ता देईन.

टेम्पो निघतो. कल्याण-शीळ रस्त्यानं शिळफाटा, मग मुंब्रा बायपास, मग ठाणे. मुलं मागून लोकलनं येणार.

*

दुपारचा एक. गडकरी रंगायतनच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही. समोर मासुंदा तलाव डिसेंबरच्या उन्हात चमकतोय, तलावपाळीवर रविवारची माणसं भेळ खात फिरतायत. पायऱ्यांवर मात्र चार-पाच गावांची पोरं घोळक्यानं बसलीयेत. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी आणि ठाणे. बॅकस्टेजवाले काळ्या टी-शर्टात. वडापावचे कागद, पाण्याच्या बाटल्या, कुणाच्या तरी हातात इस्त्री केलेलं धोतर हँगरसकट. एका कोपऱ्यात एक मुलगी भिंतीकडे तोंड करून आपल्या लाइनी म्हणतेय आणि तिच्या मैत्रिणीनं तिच्याभोवती ओढणीचा आडोसा धरलाय.

राम गणेश गडकरी 1919 साली गेले तेव्हा त्यांना चौतिसावं वर्ष चालू होतं. त्यांच्या नावाचं हे नाट्यगृह 1978 पासून ठाण्यात उभं आहे. मधे बरेच महिने दुरुस्तीसाठी बंद होतं, 2025 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा उघडलं. बंद होतं त्या दिवसांत तलावपाळीवरून जाताना मला नेहमी चुकल्यासारखं व्हायचं. अंधारात मान खाली घालून बसलेली इमारत. आज तिच्या पायऱ्यांवर एवढी तरुण माणसं बघून मी दोन मिनिटं रस्त्याच्या पलीकडेच उभी राहते.

ठाण्याची मुलं कुठली ते न सांगता ओळखू येतात. ती इथे घरच्यासारखी वावरतायत. कुठल्या दारानं शिरलं की विंगेत निघतं, कुठला नळ चालू असतो, चहा कुठल्या टपरीवर उधार मिळतो, सगळं त्यांना ठाऊक. एकाची आजी डबा घेऊन आलीये, एकाचे शाळेतले सर आलेत. घरचं मैदान म्हणतात ते हेच. आमची मुलं पंधरा किलोमीटरच्या आतून आलीत, पण पाहुणी आहेत. ती एकमेकांना चिकटून बसतात, थोडी गप्प असतात आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी विचारतं, “टेम्पो आला का रे?”

टेम्पो शिळफाट्याला अडकला होता, तो नुकताच आलाय. भाची धावत मागच्या दाराकडे जाते. जाताना मोबाइल माझ्यापुढे धरते, ‘बाल्कनीत बस. आवाज तिथून कळतो.’

*

बाल्कनीत बसल्यावर तिचं म्हणणं पटतं. खाली डावीकडे ठाणेकर, उजवीकडे कल्याणकर, मधल्या रांगांत पाहुणेमंडळी आणि परीक्षक. आमची मुलं मागच्या पाच रांगांत. पाच एकांकिका आहेत, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरलाय. आमची तिसरी, ठाण्याची दुसरी. दोनच्या ठोक्याला आयोजकांतले एक गृहस्थ माइकवर येतात आणि दोनच गोष्टी सांगतात. सेट लावायला दहा मिनिटं, त्याहून जास्त नाहीत. आणि तिसरी घंटा झाल्यावर सभागृहातून एकही घोषणा नको, नाहीतर त्याच संघाचे गुण जातील.

पहिली एकांकिका मला फारशी भिडत नाही. दुसरीच्या आधी पडदा पडतो आणि दिवे लागताच ठाण्याची बाजू उठते.

“अरे आवाज कुणाचा?”

“ठाण्याचा!”

हा नुसता आरडाओरडा नाही, हे मला नीट सांगायचंय. ही घोषणा महाराष्ट्रात राजकीय सभांत ऐकलेली असते, मिरवणुकीत ऐकलेली असते, पण एकांकिकांच्या पोरांनी तिची घडणच बदलून टाकलीये. घोषणा देणारा ‘आवाज’मधला ‘आ’ खालच्या सुरात धरून लांबवतो, ‘कुणाचा’वर सोडून देतो आणि मग अर्धी मात्रा थांबतो. सगळी गंमत त्या अर्ध्या मात्रेत आहे. तेवढ्यात शंभर छात्या भरतात. उत्तराचं शेवटचं अक्षर सगळ्यांचं एकच, ‘चा’. मोकळा, तोंडभर उघडलेला ‘आ’कार. छताला जाऊन लागतो तो तोच. कॉलेजचं नाव लांबलचक असेल तर मुलं ते छाटतात, आद्याक्षरं घेतात, नाहीतर सरळ गावाचं नाव लावतात. ‘ठाण्याचा’ला तीनच अक्षरं, धाडकन पडतात. ‘डोंबिवलीचा’ लांब आहे, पण त्यातला ‘ली’ वर चढतो आणि ‘चा’ला उडी मारायला फळी मिळते. भाचीनं हे मला महिन्यापूर्वी जेवताना ताटात चमचा वाजवून समजावलं होतं. तेव्हा ती बोलत होती.

ठाणेकर दहा मिनिटं थांबत नाहीत. घोषणा, मग टाळ्यांचा ठेका, मग दिग्दर्शकाच्या नावाचा गजर, मग पुन्हा घोषणा. ढोल आत आणायला मनाई आहे, म्हणून खुर्च्यांच्या हातांवर तळवे आपटतायत. बाल्कनीचा कठडा माझ्या हाताखाली थरथरतो. मागच्या पाच रांगांत बसलेली आमची मुलं हे सगळं ऐकतायत, आणि वरून त्यांचे खांदे बघितले की कळतं, आपण परक्या मैदानावर आहोत हे त्यांना आता कळलंय.

मग तिसरी घंटा. अंधार. आणि तो प्रचंड आवाज एका क्षणात नाहीसा होतो. कुणी ‘शू’ म्हणत नाही. ज्यांचा गळा सर्वांत मोठा, तेच सर्वांत आधी गप्प होतात. मी पुष्कळ गर्दी पाहिलीये, क्रिकेटची, दहीहंडीची, निवडणुकीच्या निकालाची. इतक्या चढलेल्या आवाजावरून स्वतःहून खाली उतरणारी गर्दी मला फक्त इथे दिसते.

ठाण्याची एकांकिका फार चांगली होते. मी टाळ्या वाजवते आणि त्या मनापासून असतात.

*

मध्यंतरासारखी पाच मिनिटं मिळतात. शेजारच्या खुर्चीवर सत्तरीचे एक काका आहेत, नातीसाठी आलेले. ते मूळचे पुण्याचे.

“आम्ही भरत नाट्यमध्ये गळे काढायचो,” ते सांगतात. “पुरुषोत्तम. 1963 पासून चाललाय तो करंडक. माझ्या वेळेला तिकीट मिळायचं नाही, तर आम्ही बाहेर रस्त्यावर उभे राहून ओरडायचो. आत ऐकू जायचं.”

“आत ऐकू जातं,” मी म्हणते. “मी आतून ऐकलंय.”

महाराष्ट्रात या स्पर्धांचं जाळंच आहे. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक सर्वांत जुन्यांपैकी. 2014 पासून लोकसत्ताची लोकांकिका आहे आणि तिचं ठाण्यालाही केंद्र आहे. मुंबई विद्यापीठाचा युवा महोत्सव आहे. आणि चतुरंगची सवाई, 25 जानेवारीची रात्र सुरू होते ती प्रजासत्ताक दिनाच्या पहाटेला संपते. वर्षभरात ठिकठिकाणी पहिल्या आलेल्या एकांकिका तिथे भिडतात आणि रात्रभर जागलेले प्रेक्षक आपली पसंती मतं देऊन ठरवतात. तिकडे थंडीत तंबू ठोकणारी पोरं, इकडे नाट्यगृहात रात्र जागवणारी. माझ्या लेखी ती एकाच जातीची आहेत.

काकांना 2022 ची आठवण झोंबते. त्या वर्षी पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी दर्जा पुरेसा नाही म्हणून करंडक कुणालाच दिला नव्हता. “परीक्षकांचा अधिकार आहे, मान्य,” काका म्हणतात, “पण इतका आवाज दिलेली पोरं घरी गेली कशी असतील हो?” मी त्यावर काही बोलत नाही. करंडक रिकामा ठेवणं हाही रंगभूमीचा मान राखण्याचा एक मार्ग आहे, असं मला वाटतं. पण त्या रात्री बसमध्ये बसलेल्या मुलांचा विचार केला की तेच वाक्य तोंडातून निघत नाही.

*

चारला पाच कमी. पडदा पडलेला आहे, आमची दहा मिनिटं सुरू झाली. पडद्याच्या खालच्या फटीतून पळणारे पाय दिसतात. मागच्या पाच रांगा उभ्या राहतात, साठेक मुलं असतील. भाची खुर्चीवर चढते. मफलर काढते, घडी करून मैत्रिणीच्या हातात देते. गालातली खडीसाखर गिळते.

“अरे आवाज…”

दीड दिवस न वापरलेला आवाज. कोरा, धारदार. अर्धं सभागृह मान वळवून बघतं, कारण मुलगी घोषणा देतेय.

“…कुणाचा?”

अर्धी मात्रा.

“डोंबिवलीचा!”

पहिलं उत्तर थोडं फाटतं. साठ जणांचा ‘चा’ एकत्र पडत नाही. डावीकडून ठाणेकर हसतात आणि लगेच आपली घोषणा चढवतात. दोन्ही आवाज मध्यावर आदळतात आणि नुसता गोंगाट उरतो. भाची थांबते. दोन्ही हात वर करून आपल्या पोरांना थांबवते. ठाणेकरांचा ‘चा’ पूर्ण विरू देते, आणि त्यांचा श्वास संपतो नेमक्या तिथे आपला ‘आ’ लावते. या वेळी साठच्या साठ एकत्र पडतात. मग टाळ्यांचा ठेका, मग लेखकाचं नाव, मग लाइट्स बघणाऱ्या मुलीचं, मग सुतारकाम केलेल्या मुलाचं. पडद्यामागे ज्यांची नावं कुणाला कधी कळणार नाहीत, त्यांची नावं ती एकेक करून छतावर फेकते.

पडद्यामागे हे कसं ऐकू येतं, ते मला माहीत आहे. कॉलेजात असताना मी अत्रे रंगमंदिरात एकदाच उभी राहिले होते, मोलकरणीच्या भूमिकेत, हातात तांब्या. पडद्याच्या आत काळोख असतो, कोणीतरी खिळा ठोकत असतं, कोणीतरी तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत असतं. पोटात खड्डा पडलेला असतो. आणि मखमलीपलीकडून तो आवाज येतो. त्यातले शब्द कळत नाहीत, पडदा ते शोषून घेतो. नुसता भार येऊन छातीला टेकतो. भिंतीपलीकडे समुद्र असावा तसा. त्या भारात आपल्या वर्गातल्या अमक्या-तमक्याचा चिरका स्वर ओळखू येतो आणि गुडघ्यांचं थरथरणं थांबतं. मला तेव्हा कुणी विचारलं असतं, आता परत जायचं का, तर मी नाही म्हटलं असतं. त्याआधीच्या क्षणापर्यंत मला परतच जायचं होतं.

म्हणून मला घोषणा देणारी ही मुलं बाहेरची वाटत नाहीत. दोन महिने लेव्हल उचलायच्या, रात्री अकराला तालमीला चहा आणायचा, फ्लॅटला हात रंगवून घ्यायचे, आणि प्रयोगाच्या दिवशी रंगमंचावर जागा नाही. जी जागा आहे ती ही, या दहा मिनिटांची.

दुसरी घंटा. भाचीचा आवाज आता कडांना खरखरीत झालाय. ती अजून दोनदा देते. तिसऱ्या घंटेला खुर्चीवरून उतरते, आणि अंधार.

*

एकांकिका आजोबा आणि नातवाची आहे. पूर येतोय, गाव रिकामं झालंय, आजोबा घर सोडायला तयार नाहीत. कंदील पेटतो तेव्हा मागच्या रांगांतून हलकासा श्वास सुटतो. तालमीत तो तीनदा विझला होता, हे फक्त त्यांनाच ठाऊक आहे. पहिला हशा बरोबर येतो, दुसरा त्याहून मोठा. प्रयोग चढतोय. बाल्कनीतून मला रंगमंचही दिसतो आणि आमच्या पाच रांगाही दिसतात, कंदिलाचा पिवळा उजेड त्यांच्या चेहऱ्यांपर्यंत पोचतोय.

विसाव्या-एकविसाव्या मिनिटाला नातू दारापर्यंत जातो, वळतो, आजोबांकडे बघतो आणि थांबतो.

थांबणं बसवलेलं असेल असं मला आधी वाटतं. दोन सेकंद. मग त्याच्या हाताची बोटं सायकलच्या हँडलवर उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात. तो ब्लँक झालाय. आजोबा झालेला मुलगा त्याच्याकडे रोखून बघतोय, भूमिका सोडत नाही, पण त्याचा पुढचा शब्द या वाक्यावर अवलंबून आहे. तीन सेकंद. विंगेत काहीतरी हलतं.

मी खाली बघते. पाच रांगांतले साठ ओठ हलतायत.

ते वाक्य त्या साठही जणांना पाठ आहे. दोन महिने ऐकलंय त्यांनी ते, लेव्हल उचलताना, चहा गाळताना, रंग ढवळताना. आत्ता ते वाक्य त्यांच्या जिभेवर आहे आणि एकाच्याही घशातून आवाज निघत नाही. वीसेक मिनिटांपूर्वी याच तोंडांनी छत हलवलं होतं. एकानं नुसतं कुजबुजलं असतं तरी त्या शांततेत ते रंगमंचावर पोचलं असतं. भाचीनं मफलर परत घेतलाय आणि त्याची कड दातांत धरलीये. ओठ मात्र हलतायत. सगळे मिळून ते वाक्य त्याच्या दिशेनं ढकलतायत, बिनआवाजाचं.

डावीकडे ठाणेकर बसलेत. प्रतिस्पर्धी चुकलेला आहे. खोकला, हसू, एखादी शिट्टी, काहीही चाललं असतं. अशा वेळी काय काय होतं ते मी याआधी ऐकलेलं आहे. आज तिथून काहीच येत नाही. ठाण्याच्या पहिल्या रांगेतली एक मुलगी दोन्ही हात तोंडावर ठेवून पुढे वाकलीये.

पाच सेकंद. नातू सायकलची घंटी वाजवतो. ट्रिंग. ती संहितेत नाही, हे मला नंतर कळतं. घंटीचा आवाज विरतो आणि वाक्य येतं. बसवलं होतं त्यापेक्षा हळू, जवळजवळ स्वतःशीच. आजोबांचा चेहरा ढिला होतो आणि ते आपलं वाक्य टाकतात. मागच्या पाच रांगा खुर्च्यांना पाठ टेकतात. साठ पाठी एकदम टेकल्याचा आवाज होतो, तेवढाच.

शेजारचे काका माझ्या मनगटावर हात ठेवून असतात. कधी ठेवला, मला कळलेलं नाही. त्यांनाही नसावं.

पडदा पडतो तेव्हा मला टाळ्या आधी ऐकू येतात त्या डावीकडून.

*

पाचवी एकांकिका सुरू होताना सभागृह निम्मं रिकामं आहे. हे मला मुळीच आवडत नाही आणि मी ते बोलून दाखवणार आहे. आपला प्रयोग झाला की उठून बाहेर जायचं, चहा प्यायचा, फोटो काढायचे, आणि चिठ्ठीत शेवटचा क्रम आलेल्या मुलांनी रिकाम्या खुर्च्यांपुढे जीव ओतायचा. दोन महिने त्यांनीही घातलेत. सामन्याला आलेला माणूस दुसऱ्यांचाही खेळ बघतो. नाटकाला आलेल्यानं तर बघायलाच हवा.

भिवंडीहून आलेल्या या संघाच्या घोषणा द्यायला आठ जण आहेत. आठच. त्यांच्या ‘चा’ला छत लांब पडतं, तो मधल्या रांगांवरच विरून जातो. पण मुलं थांबत नाहीत, दहा मिनिटं पूर्ण घोषणा देतात. सेट टेम्पोत चढवून आमची काही मुलं आत आलीयेत. भाची माझ्या शेजारी येऊन बसते. आवाज गेलाय, पार गेलाय. ती त्या आठांचा ठेका ऐकते आणि कठड्यावर तळहातानं तो धरते. खालून आणखी कुणीतरी धरतं. शब्द त्या आठांचेच राहतात, ठेका मात्र हळूहळू साऱ्या सभागृहाचा होतो.

*

निकाल साडेआठला लागतो. ठाणे पहिले, आमची मुलं दुसरी. भिवंडीच्या एका मुलीला अभिनयाचं पारितोषिक मिळतं आणि ते आठ जण असे नाचतात की परीक्षकांनाही हसू फुटतं. ठाणेकर पायऱ्यांवर दिग्दर्शकाला खांद्यावर घेतात. तलावात दिव्यांच्या रेघा हलतायत. आमच्यातली दोघं-तिघं रडून घेतात, एक जण टेम्पोवाल्याशी भाड्यावरून बोलतोय. सेट रात्रीच कॉलेजवर उतरवायचा आहे, कारण सकाळी सहाला बास्केटबॉलवाल्यांना कोर्ट पूर्ण मोकळं हवंय. पुढच्या आठवड्यात त्यांचा सामना आहे. भाची मोबाइलवर लिहून दाखवते, ‘आम्ही जाणार आहोत. सगळे. त्यांनी तीन आठवडे अर्ध्यात खेळून काढले.’

पावणेदहा. ठाणे स्टेशन, कल्याणच्या बाजूची लोकल यायची आहे. मुलं जमिनीवरच बसलीयेत, सायकल टेम्पोत मावली नाही म्हणून ती खांबाला टेकवून ठेवलीये. पलीकडच्या फलाटावर मुंबईकडे जाणारी गर्दी, आणि त्या गर्दीत मुलुंड-भांडुपकडे घरी निघालेली ठाण्याच्या संघाची पोरं. करंडक एकाच्या सॅकमधून डोकं बाहेर काढून बसलाय. त्यांचं आमच्याकडे लक्ष जातं.

रुळांवरून आवाज येतो.

“अरे आवाज कुणाचा?”

सगळे भाचीकडे बघतात. ती तोंड उघडते, नुसती हवा बाहेर येते. ती मान हलवते आणि हसते.

नातू झालेला मुलगा उठतो. अजून त्याच्या कानामागे पांढरी पावडर आहे. तो फलाटाच्या पिवळ्या पट्टीच्या अलीकडे येऊन उभा राहतो, छाती भरतो, आणि या वेळी एक क्षणही अडत नाही.

“डोंबिवलीचा!”

पलीकडून टाळ्या येतात. मधे लोकल शिरते आणि दोन्ही फलाट एकमेकांना दिसेनासे होतात.